अलेक्सांद्र ग्रिबोयेदोव्ह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशियन नाटकावर बोलताना ग्रिबोयेदोव्हचं नाव काढलं की दोन प्रकारची माणसं प्रश्न पाठवतात. एक, ज्यांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलंय. आणि दुसरी, ज्यांच्या कानावर अहमदनगरहून रशियात पोचलेल्या हिऱ्याची गोष्ट कुठून तरी आली आहे. दोघांचेही प्रश्न इथे घेतलेत. सोपे आधी, वादाचे नंतर. एकाच गोष्टीचं दळण पुन्हा नको म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलंय.

१. ग्रिबोयेदोव्ह म्हणजे नक्की कोण? चेकॉव्ह, गॉर्की माहीत आहेत, हे नाव ऐकलेलं नाही.

अलेक्सांद्र सेर्गेयेविच ग्रिबोयेदोव्ह हा मॉस्कोत जन्मलेला नाटककार, कवी, पियानोवादक आणि पेशानं मुत्सद्दी. त्याचं नाव टिकलं ते 'गोरे ओत उमा' या एका पद्य विनोदी नाटकामुळे (प्रश्न ४ पाहा). ११ फेब्रुवारी १८२९ रोजी तेहरानमध्ये जमावानं रशियन वकिलातीवर हल्ला केला, त्यात तो मारला गेला.

काळाचा अंदाज हवा असेल तर, पु. ल. देशपांड्यांनी ज्यावरून 'अंमलदार' केलं ते गोगोलचं नाटक रंगमंचावर आलं १८३६ साली. ग्रिबोयेदोव्हनं आपलं नाटक त्याच्या बारा वर्षं आधीच लिहून पुरं केलं होतं. चेकॉव्ह तर त्या वेळी जन्मलाही नव्हता.

२. उच्चार काय करायचा?

रशियन माणूस साधारण 'ग्रिबायेदफ' म्हणतो, जोर 'ये'वर. मराठीत आपण चेकॉव्ह, तुर्गेनेव्ह लिहितो, त्याच चालीवर इथे ग्रिबोयेदोव्ह ठेवलंय. आडनावाचा शब्दशः अर्थ 'अळंबी खाणारा'.

३. जन्मसाल कुठे १७९० दिसतं, कुठे १७९५. मृत्यूच्याही दोन तारखा. खरं काय?

तारखांचं कोडं सोपं आहे. रशियात तेव्हा जुनी ज्युलियन कालगणना चालायची आणि एकोणिसाव्या शतकात ती आपल्या आजच्या कॅलेंडरपेक्षा १२ दिवस मागे होती. म्हणून तिकडची ३० जानेवारी ही आपली ११ फेब्रुवारी. इथे मृत्यूची तारीख नव्या हिशेबानं दिली आहे. रशियातल्या इतर घटनांसाठी साल किंवा महिन्यावर भागवलंय.

जन्मसालाचा गुंता मात्र सुटलेला नाही. बहुतेक ठिकाणी १७९५ मानतात, पण नोकरीच्या कागदांत १७९० सुद्धा सापडतं. १७९० धरलं तर जन्म आईवडिलांच्या लग्नाआधीचा ठरतो. त्यामुळे घरच्यांनी किंवा त्यानं स्वतःच नंतर साल सरकवलं असावं, असा एक तर्क आहे. नक्की काहीच सांगता येत नाही.

४. 'गोरे ओत उमा'चा अर्थ काय? मराठीत काय म्हणावं?

'गोरे' म्हणजे दुःख, 'उम' म्हणजे बुद्धी. 'बुद्धीमुळे ओढवलेलं दुःख' हा सरळ अर्थ झाला. मी 'शहाणपणाची शिक्षा' म्हणतो, कारण नाटकात बुद्धिमान माणसाला नुसतं दुःख होत नाही, त्याला वेडा ठरवलं जातं. लेखकानं आधी नाव ठेवलं होतं 'गोरे उमु', म्हणजे 'बुद्धीवर संकट'. एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं नाटकाचा हिशेब एका ओळीत मांडला आहे: माझ्या नाटकात एका शहाण्यामागे पंचवीस मूर्ख आहेत.

५. गोष्ट थोडक्यात सांगाल का?

एक घर, एक दिवस, चार अंक.

मॉस्कोतला बडा सरकारी अधिकारी फामुसोव्ह, त्याची सतरा वर्षांची मुलगी सोफिया. पडदा उघडतो तेव्हा पहाट झालेली असते. सोफियाच्या खोलीतून रात्रभर पियानो आणि बासरी ऐकू येतेय, कारण आत तिच्याबरोबर बापाचा चिटणीस मोल्चालिन आहे. दाराशी पहाऱ्याला बसलेली मोलकरीण लीझा हाका मारून थकते. शेवटी खुर्चीवर चढून भिंतीवरच्या घड्याळाचा काटाच पुढे सरकवते. घड्याळ टोले देऊ लागतं, आणि नेमका फामुसोव्हच आत येतो. येतो आणि लीझाशीच लगट करू लागतो. पहिल्या पाच मिनिटांत अख्खं घर आपल्यासमोर उघडं पडतं. माझ्या मते नाट्यलेखन शिकणाऱ्यानं एवढा प्रवेश तरी बारकाईनं वाचावा.

तेवढ्यात तीन वर्षांच्या भटकंतीनंतर चात्स्की थेट या घरी येतो. बालपणीचा सवंगडी, सोफियावर जीव जडलेला, जिभेला लगाम नसलेला. दिवसभर तो समोर येईल त्याला सोलून काढतो. तिसऱ्या अंकात घरी नाचाची मेजवानी आहे. चिडलेली सोफिया एका पाहुण्याला सहज म्हणून जाते, 'त्याचं डोकं ठिकाणावर नाही.' तिच्या तोंडून निघालेलं हे वाक्य मेजवानीभर कसं फिरतं ते पाहण्यासारखं आहे. या पाहुण्याकडून त्या पाहुण्याकडे जाताना कुणी म्हणतं तो दारूमुळे बिघडला, कुणी म्हणतं शिक्षणामुळे. त्यावर फामुसोव्हचा तोडगा तयार असतो: सगळी पुस्तकं गोळा करा आणि जाळून टाका.

चौथ्या अंकात पाहुणे परतताहेत. जिन्याखालच्या अंधारात मोल्चालिन लीझाला सांगतो की सोफियावर माझं प्रेम वगैरे काही नाही, मालकाची मुलगी म्हणून सारं चाललंय. सोफिया जिन्यावरून ते ऐकते आणि चात्स्कीही ऐकतो. हा शेवट लेखकाला ऐन वेळी, १८२४ साली पीटर्सबर्गला जाताना वाटेत सुचला. चात्स्की गाडी मागवून मॉस्को सोडतो. फामुसोव्हचं शेवटचं वाक्य: अरे देवा, आता प्रिन्सेस मार्या अलेक्सेव्हना काय म्हणेल! ही मार्या अलेक्सेव्हना नाटकभर एकदाही रंगमंचावर येत नाही. आपल्याकडच्या 'चार लोक काय म्हणतील'मधले चार लोक तरी कधी कुणाला दिसले आहेत?

६. मोल्चालिन खलनायक आहे का?

खलनायकाएवढा दम त्याच्यात नाही. 'मोल्चात' म्हणजे गप्प राहणं, त्यावरून हे नाव. बापाची शिकवण तो स्वतःच सांगतो: सगळ्यांना खूश ठेव. घरमालक, साहेब, साहेबाचे कपडे झाडणारा नोकर, दारवान, आणि दारवानाचं कुत्रं सुद्धा, म्हणजे ते आपल्यावर भुंकणार नाही. माझ्या वयात स्वतःचं मत बाळगणं बरं नव्हे, असंही तो म्हणतो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, एवढंच त्याचं धोरण. हातात बासरी आणि तोंडी गोड भाषा असल्यामुळे तो नटाला अवघड जातो. सरळ लुच्चा म्हणून रंगवला की भूमिका फसते.

७. नाटक यमकात आहे म्हणे. मग भाषांतरात काय उरतं?

निम्मं उरतं, असं प्रामाणिकपणे सांगायला हवं. ओळी आयम्बिक (एक हलकं अक्षर, एक जोराचं, अशा चालीच्या) आहेत, पण लांबी सारखी बदलते: एक ओळ ऐसपैस, पुढची एका शब्दाची. त्यामुळे यमक असूनही पात्रं पाठांतर म्हणताहेत असं वाटत नाही, ती बोलतात. कवी पुश्किननं नाटक वाचल्यावर लिहिलं होतं की यातल्या निम्म्या ओळी म्हणी होतील, आणि झालंही तसंच. 'सुखी माणसं घड्याळ पाहत नाहीत', 'आणि न्यायाधीश कोण?', 'चाकरी आनंदानं करीन, हुजरेगिरीची मात्र किळस येते', 'कुटाळ जिभा पिस्तुलापेक्षा भयंकर': ही वाक्यं रशियन माणूस नाटक न वाचताही वापरतो. आपण तुकोबांची ओळ अभंगाची आठवण न ठेवता बोलून जातो, तसंच.

८. विनोदी नाटकावर बंदी घालण्यासारखं त्यात होतं काय?

त्या काळचा रशिया समोर ठेवला की लगेच कळतं. १८१२ साली नेपोलियन मॉस्कोपर्यंत आला, शहर जळलं. त्याला हुसकावत तरुण रशियन अधिकारी थेट पॅरिसपर्यंत गेले, आणि तिथलं जग पाहून परतले ते प्रश्न घेऊन. घरी मात्र सारं जागच्या जागी होतं. भूदास जमीनदाराची मालमत्ता होते (ती प्रथा १८६१ पर्यंत गेली नाही). सरकारी नोकरी पीटर द ग्रेटनं १७२२ साली आखलेल्या चौदा पायऱ्यांच्या शिडीवर चालायची, आणि पायरी चढायला कर्तृत्वापेक्षा मामा-काका जास्त उपयोगी पडत.

चात्स्की या शिडीवरच तोंडसुख घेतो. दुसऱ्या अंकातल्या त्याच्या भाषणात दोन जमीनदार आहेत. एकाच्या नोकरांनी त्याचा जीव आणि अब्रू कितीदा तरी वाचवलेली. त्यानं त्यांच्या बदल्यात तीन शिकारी कुत्रे घेतले. दुसऱ्यानं आईबापांपासून तोडून आणलेली भूदासांची पोरं बॅलेत नाचवली, आणि कर्ज झाल्यावर त्या 'मदनांना' एकेक करून विकून टाकलं. अशा गोष्टी प्रेक्षकांत बसलेल्यांच्या ओळखीच्या घरांत घडत होत्या. सेन्सॉरला हसू येणं कठीणच.

९. मग लोकांनी वाचलं कसं? प्रयोग कधी झाला?

हातानं उतरवून. १८२५च्या एका वार्षिकात पहिल्या अंकातले काही प्रवेश आणि तिसरा अंक छापला गेला, तोही कात्री लावून. बाकी नाटक नकलांच्या रूपानं फिरलं. कचेरीत, पलटणीत, घरात एक जण वाचणार आणि चार जण लिहून घेणार. मे १८२५मध्ये पीटर्सबर्गच्या नाट्यशाळेतल्या विद्यार्थ्यांनी प्रयोग बसवला, तो गव्हर्नर-जनरल मिलोरादोविचनं आदल्या दिवशी बंद पाडला. १८२७ साली येरेवानच्या किल्ल्यात रशियन अधिकाऱ्यांनी हौशी प्रयोग केला. लेखकानं आपलं नाटक उभं राहिलेलं पाहिलं ते तिथेच, असं मानलं जातं.

पीटर्सबर्गला पूर्ण नाटक आलं जानेवारी १८३१मध्ये, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर. पुस्तक १८३३ साली निघालं, काटछाट केलेलं. रशियात विनाकात्रीची आवृत्ती निघायला १८६२ उजाडलं.

१०. पुश्किनला चात्स्की मूर्ख वाटला, हे खरं का?

खरं आहे. १८२५च्या जानेवारीत त्याचा मित्र पुश्चिन मिखाइलोव्हस्कोये या गावच्या घरी त्याला भेटायला आला, तेव्हा नाटकाची नक्कल बरोबर घेऊन आला होता. पुश्किनचा आक्षेप असा: चात्स्की बोलतो ते सगळं हुशारीचं, पण बोलतो कुणासमोर? आपण कुणाशी बोलतोय हे पहिल्या नजरेत ओळखणं ही शहाण्याची पहिली खूण. पुश्किनच्या मते नाटकातला खरा शहाणा चात्स्की नसून ग्रिबोयेदोव्ह आहे.

१८७२ साली कादंबरीकार गोंचारोव्हनं चात्स्कीची बाजू एका मोठ्या निबंधात मांडली. तो गाढवांपुढे गीता वाचत नाही, तो प्रेमात पडलेला आहे आणि दुखावला गेलाय, म्हणून बोलतो. मला गोंचारोव्ह पटतो, पण पुश्किनचा टोमणा डोक्यातून जात नाही.

११. म्हणजे चात्स्की हा लेखकच ना?

नाही. पाठवले जाणारे निम्मे प्रश्न या एका गैरसमजातून येतात. चात्स्की नोकरी सोडतो आणि गाडी मागवून निघून जातो. ग्रिबोयेदोव्ह नोकरीत राहिला, चढत गेला, बढत्या आणि पदकं घेतली, आणि साम्राज्याचं काम चोख केलं. ती शिडी त्याला आतून माहीत होती, म्हणून फामुसोव्ह इतका जिवंत आहे.

चात्स्कीमागे तत्त्वचिंतक चादायेव्ह आहे असं अनेकांना वाटतं (सुरुवातीच्या खर्ड्यात नाव 'चाद्स्की' असं होतं). खरी गंमत पुढची. १८३६ साली चादायेव्हचं एक पत्र नियतकालिकात छापून आलं आणि झार पहिल्या निकोलायनं त्याला सरकारी हुकमानं वेडा जाहीर केलं. नाटकातली कुजबुज बारा वर्षांनी सरकारी दप्तरात गेली.

१२. तो डिसेंबरच्या बंडात होता का?

मित्र होते, तो होता असं सिद्ध झालं नाही. डिसेंबर १८२५मध्ये पीटर्सबर्गला अधिकाऱ्यांचं बंड फसलं. जानेवारीत ग्रोझनीच्या किल्ल्यात त्याला अटक झाली. वरिष्ठ जनरल येर्मोलोव्हनं आधीच इशारा देऊन कागद जाळायला वेळ दिला, असं सांगतात. पीटर्सबर्गला काही महिने कैदेत राहून जून १८२६मध्ये तो निर्दोष सुटला, वर बढतीही मिळाली. शंभर दुय्यम अधिकारी अख्खा रशिया बदलायला निघालेत, असं कुत्सित वाक्य त्याच्या तोंडी घातलं जातं.

१३. एकच नाटक का लिहिलं?

एकच नाही, एकच टिकलं. आधी फ्रेंचवरून बेतलेली आणि मित्रांबरोबर लिहिलेली हलकीफुलकी नाटकं आहेत: 'तरुण दांपत्य' (१८१५), कातेनिनसह 'विद्यार्थी' (१८१७). नंतरच्या 'जॉर्जियन रात्र' या शोकांतिकेचे तुकडेच उरले. शिवाय पियानोसाठी दोन वॉल्ट्झ. त्यातला ई मायनरमधला रशियात संगीत शिकणारी मुलं आजही वाजवतात. आधी तो ऐका, मग नाटक वाचा.

१४. द्वंद्वयुद्धात त्याचा हात गेला होता का?

हात नाही, करंगळीवर निभावलं. १८१७ साली नर्तकी इस्तोमिना हिच्यावरून शेरेमेत्येव्ह आणि झवादोव्हस्की यांचं द्वंद्व झालं, त्यात शेरेमेत्येव्ह मेला. ग्रिबोयेदोव्ह झवादोव्हस्कीचा साक्षीदार, याकुबोविच दुसऱ्या बाजूचा. या दोघांचं उरलेलं द्वंद्व पुढच्या वर्षी तिफ्लिसजवळ (जॉर्जियातलं आजचं त्बिलिसी) झालं. गोळी ग्रिबोयेदोव्हच्या डाव्या हातातून गेली. पियानो वाजवणाऱ्याची करंगळी कायमची अधू झाली. तीच खूण पुढे प्रश्न १६ मध्ये कामाला येते.

१५. नाटककार तेहरानला करत काय होता?

नोकरी. १८१८ पासून तो इराणमधल्या रशियन वकिलातीत, नंतर तिफ्लिसला येर्मोलोव्हकडे होता. पहिले दोन अंक तिथेच लिहिले. फारसी त्याला येत होती. १८२६-२८च्या रशिया-इराण युद्धानंतर तुर्कमानचायचा तह झाला, त्याच्या वाटाघाटीत त्याचा मोठा वाटा होता. येरेवान आणि नखिचेवान रशियाला गेलं आणि इराणवर दहा कुरूर तुमानांची खंडणी बसली. ('कुरूर' आपल्या 'करोड'चाच भाऊबंद, पण तिकडे कुरूर म्हणजे पाच लाख.) तह घेऊन तो पीटर्सबर्गला गेला आणि 'वझीर-मुख्तार', म्हणजे पूर्ण अधिकार असलेला राजदूत, होऊन परत आला. हे शब्द मराठी वाचकाला परके नाहीत. वजीर आपल्या बुद्धिबळात आहे आणि मुखत्यारपत्र तहसील कचेरीत.

१६. तेहरानमध्ये त्या दिवशी नक्की काय झालं?

तहाचं तेरावं कलम होतं: युद्धकैदी आणि पूर्वी पकडून नेलेल्या माणसांना परत पाठवायचं. ते ग्रिबोयेदोव्हनं शब्दशः अमलात आणलं. शहाच्या जनानखान्याचा खजिनदार असलेला खोजा (नपुंसक केलेला सेवक) मिर्झा याकूब, मूळचा येरेवानचा आर्मेनियन, वकिलातीत आश्रयाला आला. येरेवान आता रशियाचं, म्हणून आपण रशियन प्रजा, असा त्याचा दावा. त्याला शहाच्या घरातली आणि तिजोरीतली सगळी बित्तंबातमी होती. शहाचा आप्त अल्लाहयार खान याच्या जनान्यातल्या दोन आर्मेनियन बायकाही वकिलातीत आल्या.

आधीच खंडणीनं पिचलेलं शहर, त्यात ही गोष्ट. मुजताहिद (बडा धर्मपंडित) मिर्झा मसीहच्या मशिदीतून लोक निघाले. याकूब मारला गेला, मग पहारेकरी, मग सगळेच. पस्तीसहून अधिक माणसं गेली. सचिव माल्त्सोव्ह शेजारच्या घरात लपल्यामुळे वाचला. ग्रिबोयेदोव्हचं शव चेहऱ्यावरून ओळखू येत नव्हतं, ते करंगळीवरून ओळखलं.

चूक कुणाची? याकूबला परत पाठवणं म्हणजे त्याला मरणाच्या दारात लोटणं होतं, आणि तहाच्या अक्षराबाहेर तो अधिकारी म्हणून गेला नाही. पण हरलेल्या देशाच्या राजधानीत, ऐन संतापाच्या दिवसांत, जनानखान्यातली माणसं ठेवून घेताना पुश्किननं चात्स्कीला विचारलेला प्रश्न (प्रश्न १० पाहा) त्याला कुणी विचारायला हवा होता.

१७. यामागे इंग्रज होते का?

रशियात असा संशय जुना आहे. पुरावा कच्चा आहे. एवढं खरं की त्या काळी इराणमधली इंग्रज वकिलात ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली होती. वकील मॅक्डॉनल्ड कंपनीचा माणूस, आणि त्याचा पूर्वसूरी माल्कम, ज्याच्यापुढे १८१८ साली दुसरा बाजीराव शरण आला, तो या वेळी मुंबईचा गव्हर्नर होता. रशियाचा इराणमधला दबदबा कंपनीला सलत होता. पण तब्रीझमध्ये ग्रिबोयेदोव्हच्या पत्नीला मॅक्डॉनल्डच्याच घरी आधार मिळाला. ग्रिबोयेदोव्हनं स्वतःही १८२८ साली कॉकेशससाठी कंपनीच्याच धर्तीवर एका व्यापारी कंपनीचा आराखडा तयार केला होता (प्रश्न ११ आठवा).

१८. पत्नीचं पुढे काय झालं?

निनो चावचावाद्झे ही जॉर्जियन कवी अलेक्सांद्र चावचावाद्झे यांची मुलगी. ऑगस्ट १८२८मध्ये तिफ्लिसच्या सिओनी कॅथीड्रलमध्ये लग्न झालं तेव्हा ती सोळाचीही नव्हती. गरोदर निनोला तब्रीझला ठेवून तो तेहरानला गेला. बातमी तिच्यापासून बरेच दिवस लपवली. कळल्यावर मूल वाचलं नाही. तिनं पुन्हा लग्न केलं नाही. १८५७ साली कॉलऱ्यानं गेली. तिफ्लिसच्या म्तात्समिंदा डोंगरावर दोघं शेजारी आहेत. तिनं कोरवून घेतलेल्या ओळीत एक प्रश्न आहे: माझं प्रेम तुझ्यानंतर का जगलं?

१९. पुश्किनला वाटेत त्याचं शव भेटलं, ही दंतकथा का?

'अर्झरूमचा प्रवास' मध्ये पुश्किन सांगतो: डोंगरवाटेवर दोन बैलांची गाडी चढत होती. कुठून आलात? तेहरानहून. काय नेताय? 'ग्रिबोयेद.' प्रवास खरा, काळही जुळतो. पण शव मोठ्या लवाजम्यानिशी नेलं जात होतं, म्हणून या बैलगाडीबद्दल अभ्यासकांनी शंका घेतली आहे. मला वाटतं, अर्धवट उच्चारलेलं ते नाव खोटं रचणं कठीण.

२०. तो नगरचा हिरा खरंच त्याच्या रक्ताची किंमत होता?

हिरा खरा, किंमतीची गोष्ट वादाची. १८२९मध्ये शहाचा नातू खुसरो मिर्झा माफी मागायला पीटर्सबर्गला गेला आणि भेटींत 'शाह' हिरा होता. झार तेव्हा तुर्कांशी लढत होता, दुसरी लढाई त्याला नको होती. त्यानं प्रकरण मिटवलं, खंडणीचा काही भागही माफ केला. हा हिरा म्हणजे थेट खूनभरपाई, ही समजूत तिन्यानोव्हच्या 'वझीर-मुख्तारचा मृत्यू' या कादंबरीनं रुजवली. तह आणि खंडणी यांच्या हिशेबात तो एक नजराणा होता, असंही म्हणता येतं.

८८.७ कॅरटचा, लांबट, पिवळसर. दोरा बांधून टांगायला भोवती खाच. तीन बाजूंवर तीन फारसी लेख: दुसरा बुऱ्हाण निजामशहा, हिजरी १०००, शहाजहान, हिजरी १०५१, फतेहअली शहा, हिजरी १२४२. अहमदनगरहून (आताचं अहिल्यानगर) तो मोगलांकडे, तिथून नादिरशहाच्या लुटीत इराणला, तिथून रशियाला गेला.

२१. तो आज पाहता येतो का?

येतो. मॉस्कोत क्रेमलिनमधल्या हिऱ्यांच्या संग्रहात. लेख बारीक आहेत, काचेआडून वाचायला डोळे ताणावे लागतात. नगरचं नाव तिघांत सगळ्यात जुनं.